संध्याकाळच्या विमानाआधी नगरधन, रामटेक, मनसर

दिवाळीला किंवा लग्नसराईत नागपूरजवळच्या मौदा-कुहीकडच्या गावांत आलेल्या पाहुण्यांचं परतीचं विमान बहुतेक वेळा संध्याकाळचं असतं. मग शेवटच्या दिवशी कोणीतरी विषय काढतंच, "आजचा दिवस रिकामाच आहे ना, मनसरचे ते जुने अवशेष पाहून घेऊ काय?" पाहता येतात, आणि चांगले पाहता येतात. पण आधी काय पाहायचं ते ठरवून मग विमानाची वेळ बघायला गेलं, की दिवस हातातून जातो. आम्ही विमानाच्या वेळेपासून मागे मागे मोजत येतो. उरलेल्या वेळात जे बसेल तेवढंच.

समजा विमान ७.३० चं आहे. देशांतर्गत उड्डाणाचा सामान घेण्याचा काउंटर साधारण एक तास आधी, म्हणजे ६.३० ला बंद होतो आणि बोर्डिंगचं गेट २५ मिनिटं आधी. वेब चेक-इन आदल्या रात्रीच करून ठेवलेलं असलं तरी सामानाचा नियम बदलत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. हातात बोर्डिंग पास असतो, बॅग मात्र कोणी घेत नाही. म्हणून टर्मिनलच्या दारात ५.३० ला उभं राहायचं. मनसरहून विमानतळापर्यंत बाह्यवळण मार्गानं दीड तास धरायचा आणि त्यावर अर्धा तास नुसता राखून ठेवायचा. म्हणजे मनसर ३.३० ला सुटलं पाहिजे. हा अर्धा तास फिरण्यात खर्च करायचा नाही. टायर पंक्चर होणं, टोलवर फास्टॅगमध्ये पैसे नसणं, कोणाला तरी मध्येच उलटी होणं, हे सगळं त्याच अर्ध्या तासात भागवायचं असतं.

३.३० हा आकडा पक्का झाला, की मागचं सोपं आहे. सकाळी सव्वाआठला सामानासकट घर सोडायचं. सव्वानऊ ते सव्वादहा नगरधन. पावणेअकरा ते दोन रामटेक, जेवण धरून. सव्वादोन ते साडेतीन मनसर. तिथून थेट हायवेला लागायचं. या क्रमात एकदाही उलटं फिरावं लागत नाही. मौद्याकडून वर येताना आधी नगरधन, मग रामटेक, मग पाच-सहा किलोमीटरवर मनसर. आणि मनसर जबलपूर हायवेवरच आहे. योगायोग असा, की विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक घराण्याचा क्रमही जवळपास हाच. नंदिवर्धन म्हणजे नगरधन ही आधीची राजधानी. रामगिरी म्हणजे रामटेक हे त्यांचं तीर्थ. दुसऱ्या प्रवरसेनानं पाचव्या शतकात नवी राजधानी वसवली ती प्रवरपूर, म्हणजे अभ्यासकांच्या मते आजचं मनसर.

हा क्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. एप्रिल-मे मध्ये असं केलं तर दुपारी अडीचच्या उन्हात उघड्या विटांवर उभं राहावं लागेल, आणि मनसरच्या टेकडीवर सावलीच्या नावानं काही नाही. उन्हाळ्यात आम्ही क्रम उलटा करतो. बॅगा घरीच ठेवायच्या, पहाटे निघून सात वाजता मनसर गाठायचं, नऊच्या आत रामटेकचा गड चढायचा, येता येता नगरधनला अर्धा तास आणि बाराच्या आत घरी. जेवून तास-दीड तास पडायचं आणि तीनला भंडारा रोडनं विमानतळाकडे निघायचं. दोनदा गाडी काढावी लागते, डिझेल जास्त जातं, पण ४५ अंशांच्या उन्हातून थेट विमानात चढलेला माणूस मुंबईला पोचेपर्यंत आजारी पडतो. पावसाळ्यात तिसरीच अडचण. विटांवर आणि गडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गवतात साप-विंचू असतात. सपाट तळव्याची चप्पल घालून आलेल्याला टेकडीवर नेऊ नये.

गाडीचं आदल्या दिवशी नीट ठरवा. नागपूरहून टॅक्सी सांगितली तर ती '८ तास-८० किलोमीटर' पॅकेजवर येते आणि या फेरीत दोन्ही आकडे ओलांडले जातात. बाहेरगावचा दर लावला तर दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचे पैसे धरतात, चालो वा न चालो. गावातली किंवा मौद्याची गाडी दिवसाच्या ठरावावर घेतलेली परवडते. पण ठरवताना चार गोष्टी तोंडानं बोलून घ्यायच्या. तीन ठिकाणी थांबायचं आहे. शेवट विमानतळावर आहे, परत गावात नाही. गाडी रिकामी परत येईल ते किलोमीटर धरले की नाही. आणि टोल कोणाकडे. ड्रायव्हरला नुसतं "रामटेकला जायचं" म्हटलं, की तो गडावर सोडून जेवायला निघून जातो, आणि फोनला रेंज नसली की वीस मिनिटं तिथेच जातात. सामान गाडीत असणार, म्हणून ड्रायव्हरनं गाडीपाशीच थांबायचं हेही ठरवून घ्या. पासपोर्ट, दागिने, औषधं आणि लॅपटॉप मात्र अंगावरच्या सॅकमध्ये. गाडीत नाही.

बॅगांचं वजन आदल्या संध्याकाळी. बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर १५ किलो चेक-इनला आणि ७ किलो हातातल्या बॅगेला असतात. गावात काटा शोधायला लांब जावं लागत नाही, किराणा दुकानातल्या किंवा धान्य मोजायच्या काट्यावर बॅग चढवा. तांदूळ, तुरीची डाळ, खारोड्या, मुगवड्या असं भरत भरत बॅग वीस किलोवर कधी जाते ते कळत नाही, आणि काउंटरवर जादा किलोचे पैसे भरण्यात पंधरा मिनिटं जातात. लोणचं आणि तिखटाची पुडी हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढतात. दोन्ही चेक-इनमध्ये, लोणच्याची बरणी दुहेरी पिशवीत. सुक्या खोबऱ्याचं मात्र वेगळं. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून आपल्याकडे चेक-इन बॅगेतही त्याला बंदी आहे. गडावर प्रसादात खोबऱ्याची वाटी मिळाली तर तिथेच वाटून संपवा. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. असं काही सापडलं की बॅग उघडायला बोलावतात, आणि तुम्ही तोवर गेटपाशी पोचलेले असता.

आता ठिकाणांकडे. नगरधनचा कोट पाहून बहुतेक लोक "वाकाटकांचा किल्ला" म्हणून फोटो काढतात. तो तसा नाही. उभी असलेली तटबंदी, बुरूज आणि दरवाजा हे नागपूरकर भोसल्यांच्या काळातलं काम आहे. आतल्या विहिरीत पायऱ्या उतरून देवीचं ठाणं आहे, ते अवश्य पाहा. वाकाटकांचं नंदिवर्धन मातीखाली आहे. २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. लंबगोल, वर ब्राह्मी अक्षरांत नाव आणि शंखाची आकृती. ही बाई गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन, लवकर गेला आणि मुलं लहान असल्यामुळे राज्य तिनं चालवलं. तिचा पुण्याला सापडलेला ताम्रपट याच नंदिवर्धनाहून दिलेला आहे. ती मुद्रा काही किल्ल्यात बघायला मिळत नाही. त्यामुळे इथे तासाभरापेक्षा जास्त थांबू नका. कोटाची फेरी, देवी, एक चहा, झालं.

वेळ द्यायचा तो रामटेकला. गाडी गडावर बरीच वर जाते, तरी पुढे पायऱ्या आहेत आणि चपला काढाव्या लागतात. दुपारी दगड तापतो, म्हणून जाड मोजे सोबत ठेवा. वानरं धीट आहेत, हातातली प्लास्टिकची पिशवी दिसली की ओढतातच. चष्मा आणि मोबाइल हातात मिरवू नका. जेवणाचा डबा गडावर उघडायचाच नाही, खाली अंबाळा तलावाच्या बाजूला बसून खा. पिठलं-भाकर, ठेचा, कांदा असा कोरडा डबा बरा. तर्रीचं जेवण करून पुढचा सगळा प्रवास करायचा म्हणजे सगळ्यांच्याच पोटाची परीक्षा.

लोक सरळ राम-लक्ष्मणाच्या मंदिरात जातात आणि तिथूनच परत फिरतात. ती मंदिरं यादवकाळाची, दर्शन घ्याच. पण पाचव्या शतकातलं पाहायला आला असाल तर मुख्य मंदिराच्या आधी, टेकडीच्या दक्षिण अंगाला दोन नरसिंह मंदिरं आहेत, तिकडे वळा. रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह. बाहेरून ती बुटकी, जाड, बिनशिखराची दिसतात, त्यामुळे कोणी थांबत नाही. आत जाऊन डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. नरसिंह भला थोरला, एक गुडघा उभा करून निवांत बसलेला. हात दोनच, त्यात चक्र. मांडीवर हिरण्यकश्यपू नाही, आतडी नाहीत, खांब फोडून येणं नाही. नंतरच्या मूर्ती पाहून नजर तयार झालेली असते, तिला हा देव पहिल्यांदा ओळखूच येत नाही. मंडपाचे खांब बघा, आखूड आणि चौकोनी, वर कमळाच्या चकत्या. केवल नरसिंहाच्या भिंतीवर वाकाटककाळातला शिलालेख आहे. तो चुन्याच्या थरांखाली दडलेला होता आणि १९८०च्या दशकात उजेडात आला. बराचसा झडलेला आहे, पण भिंतीला टॉर्चचा उजेड बाजूनं तिरका टाकला तर अक्षरांच्या कडा उठून दिसतात. समोरून टाकला तर भिंत नुसती पांढरी होते. शिलालेखाला हात लावू नका, खडूनं घासून फोटो तर अजिबात काढू नका.

पुढे त्रिविक्रमाचं मंदिर आहे, म्हणजे मंडपाचे काही खांब आणि वामनाची भग्न मूर्ती. वर उचललेला पाय तुटला आहे, हात तुटले आहेत, तरी अंगाचा झोक असा की पाऊल कुठे चाललं होतं ते कळतं. आमच्या मते गडावरची ही सगळ्यांत सरस मूर्ती. वेळ कमी पडत असेल तर कालिदास स्मारक सोडा, ते अलीकडचं बांधकाम आहे. ही मूर्ती सोडू नका. म्हातारी माणसं सोबत असतील तर त्यांना राम मंदिराच्या पायऱ्या आणि नरसिंह दोन्ही झेपणार नाहीत. त्यांना काय पाहायचं ते खालीच विचारून ठरवा. वर गेल्यावर घरात मतभेद सुरू झाले की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

रामटेक कधी टाळायचं तेही सांगतो. त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा आणि रामनवमी. त्या दिवसांत गाड्या खालीच अडवतात आणि गावातून बाहेर पडणं आपल्या हातात राहत नाही. विमान त्याच दिवशी असेल तर नगरधन आणि मनसर करा, गड पुढच्या खेपेला.

मनसरला नकाशावर 'उत्खनन स्थळ' शोधत बसण्यापेक्षा कोणालाही हिडिंबा टेकडी विचारा. गाव मँगनीजच्या खाणीसाठी जास्त ओळखलं जातं, पण टेकडी सगळ्यांना माहीत आहे. पायथ्याशी तलाव आहे. जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून इथे उत्खनन झालं आणि अख्खी टेकडी विटांनी बांधून काढलेली निघाली. प्रवरसेनाचं प्रवरेश्वर शिवमंदिर ते हेच, असं हान्स बाक्कर यांच्यासारखे अभ्यासक मानतात. वर चढायच्या आधी खालूनच एकदा सावकाश फेरी मारा, कारण खरी गंमत उतारावर आहे. भिंत सरळ जात नाही. कोन बाहेर, कोन आत, पुन्हा बाहेर, अशी चांदणीच्या टोकांसारखी मोडत जाते. वरचा चौथरा नुसत्या भरावावर उभा केलेला नाही. विटांच्या चौकोनी कोठ्या बांधून त्यांत दगड-माती भरली आहे. नुसता भराव असता तर पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत खाली उतरला असता. कोठ्यांमुळे माती जागच्या जागी अडकून राहते. विटा आजच्या भट्टीतल्या विटांपेक्षा बऱ्याच मोठ्या आणि चपट्या आहेत. डागडुजीत वर चढवलेल्या विटा आणि मूळ विटा यांतला फरक कडांवरून कळतो, मूळ विटांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात.

इथलीच एक शिवमूर्ती, ठेंगणी, गोल पोटाची, हसऱ्या चेहऱ्याची, १९७२ साली मिळाली आणि ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विमान दिल्लीमार्गे असेल आणि तिथे मुक्काम पडणार असेल तर मनसर पाहिल्यावर ती मूर्ती जास्त कळते.

एक गोष्ट पाहुण्यांना टेकडीखालीच बजावून सांगतो. जमिनीवर खापरं आणि विटांचे तुकडे दिसतात, मुलं खिशात घालतात. उचलायचे नाहीत. संरक्षित स्थळावरून काही हलवणं कायद्यानं गुन्हा आहे आणि १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी जाणाऱ्याच्या बॅगेत असा तुकडा निघाला तर उत्तरं देता देता विमान जाईल. ड्रोनही आणू नका. स्वच्छतागृहाची सोय टेकडीवर असेल असं धरून चालू नका, रामटेकला किंवा हायवेच्या पेट्रोल पंपावर आधीच आटपून घ्या.

साडेतीन. मनसरहून दक्षिणेला हायवे धरला की दोन वाटा आहेत. एक कामठी रोडनं शहरातून, दुसरी पूर्वेकडून जाणाऱ्या बाह्यवळण मार्गानं, जी जामठ्याला वर्धा रोडवर निघते. तिथून मागे वळून विमानतळ. नकाशात शहरातली वाट कमी किलोमीटरची दिसते आणि ड्रायव्हरही तीच पसंत करतो, टोल वाचतो म्हणून. सुट्टीच्या दिवशी सकाळी चालून जाईल. पण संध्याकाळी चारनंतर, लग्नाच्या तिथीला, आणि रविवारी पेंचहून परतणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत ती वाट धरू नका. बाह्यवळणावर अंतर वाढतं, वेळ मात्र सांगितलेल्या आकड्याच्या आसपास राहतो. विमान पकडायचं असताना आपल्याला तेच हवं.

शहरात अडकलाच, तर एक सुटका आहे. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकात मेट्रोची नारंगी मार्गिका सुरू होते आणि ती मध्ये गाडी न बदलता एअरपोर्ट स्टेशनला जाते. स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, तिथून ऑटो किंवा फीडर घ्यावी लागते. बॅगा दोन-तीनच असतील तर हा उपाय चांगला. सहा बॅगा आणि आजी सोबत असतील तर गाडीतच बसून राहा.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं आकाश स्वच्छ असूनही विमान उशिरा येतं, कारण तेच विमान सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असतं. म्हणून दुपारी जेवताना विमान कंपनीच्या ॲपवर स्थिती पाहा. उशीर दाखवत असला तरी मनसरहून निघायची वेळ बदलू नका, उशीर कधी कमी होईल ते सांगता येत नाही आणि काउंटर तुमच्यासाठी कोणी उघडा ठेवत नाही. मुंबईहून पुढे परदेशी जाणार असाल आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, तर पहिलं विमान उशिरा पोचल्यामुळे दुसरं चुकल्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये असतील तर पुढची सोय त्यांना करावी लागते. वेगळी तिकिटं आणि मधलं अंतर पाच तासांहून कमी असेल, तर त्या दिवशी फिरायचा बेतच नको, ही फेरी आदल्या दिवशी उरका.

विमान दुपारी दोन-तीनचं असेल तर रामटेकचा हट्ट सोडा. काटोल रोडवरचं जुनापाणी शहराजवळ आहे. महापाषाणकाळातली दगडांची शेकडो वर्तुळं, शेताच्या कडेला पसरलेली. तास-दीड तासात पाहून होतात. वर्तुळाच्या मोठ्या दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात ते ठळक दिसतात, डोक्यावर ऊन आलं की दिसेनासे होतात. पाऊस असेल तर सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, आपलं अजब बंगला. पवनीला मिळालेला, महाक्षत्रप (शक राज्यकर्त्यांची पदवी) रूपिअम्माचा लेख असलेला स्तंभ तिथेच आहे. सोमवारी ते बंद असतं. खुद्द पवनी, वैनगंगेकाठचा तो मोठा तट आणि जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप, उमरेड-भिवापूर मार्गे जाऊन यायला पूर्ण दिवस घेतो. विमानाच्या दिवशी तिकडे जायचं नाही, आणि चामोर्शीजवळचं मार्कंडा तर नाहीच. त्याला पहाटे निघून मुक्कामाच्या तयारीनं जावं लागतं.